मागं राहिलेल्यांचं काय?

“वाचली ते खरं, पन मागं राहिलेल्यांचं काय केलं तिनं?”

आज औशात भाची शाळेतल्या भाषणाची तयारी करत होती. विषय टायटॅनिकमधून वाचलेली मार्गारेट ब्राऊन. हिमनग, अंधार, सहा नंबरची नाव, सगळं हातवारे करून सांगून झालं आणि शेंगा फोडत बसलेल्या आजीनं एवढंच विचारलं.

भाचीच्या कागदावर त्याचं उत्तर नव्हतं. मग आम्ही दोघी मोबाईल घेऊन बसलो.

15 एप्रिल 1912 ला कार्पेथिया जहाजानं वाचलेल्यांना उचललं. कुणाचा नवरा गेलेला, कुणाला इंग्रजीही येत नव्हतं. मार्गारेटबाईंना फ्रेंच, जर्मन यायचं. त्या अशा बायकांशी बोलत फिरल्या, ब्लँकेटं वाटली आणि श्रीमंत प्रवाशांकडून जवळपास 10,000 डॉलर जमवले. तेही न्यूयॉर्कचा किनारा लागायच्या आत! स्वतःच्या अंगातली थंडी गेली नसेल तोवर. मला तर हेच सगळ्यात मोठं वाटतं.

त्याच्या कितीतरी आधी अमेरिकेतल्या लेडव्हिल या खाणींच्या गावात खाणकामगारांच्या घरच्यांसाठी त्या अन्नछत्रात राबल्या होत्या. दंतकथेत मात्र उरली ती फक्त न बुडणारी बाई.

आजी किल्लारीकडची. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपातून वाचलेली. त्या दिवसाबद्दल ती स्वतःचं कधीच सांगत नाही. कुणी कुणाची लेकरं सांभाळली, तेवढंच सांगते.

ढिगाऱ्यातून बाहेर आल्याआल्या दुसऱ्यासाठी धावलेली अशी माणसं आपल्या गावोगाव असतील. त्यांची नावं कुणी लिहून ठेवलीत का?