लम्पीत गेलेल्या बैलाचं चित्र काढलं, माझा अनुभव

मी जळगावात राहते, पाळीव प्राण्यांची पोर्ट्रेट काढून देते. बहुतेक ऑर्डर कुत्र्यांच्या, मग मांजरी, एखादा पोपट. फोटो व्हॉट्सअपवर येतात, तेव्हा मी आधीच सांगते की डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर बारकावे सगळे उडून जातात, आणि फ्लॅश मारलेला नको, कारण कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यात आत मागच्या बाजूला उजेड परतवणारा एक थर असतो, फ्लॅश पडला की डोळा हिरवा पेटतो आणि बाहुली कुठली ते कळतच नाही. पण गेल्या उन्हाळ्यात चोपड्याकडच्या एका आबांच्या मुलाचा फोन आला, ताई बैल काढून द्याल का. ते काम बाकी सगळ्यांपेक्षा वेगळं निघालं म्हणून लिहितेय.

बैलाचं नाव राजा. 2022 ला लम्पी (गुरांच्या अंगावर गाठी उठवणारा साथीचा रोग) आली, राज्यात त्या वर्षी सुरुवात आपल्याच जिल्ह्यात झाली, रावेर तालुक्यात, आणि माश्या-डास-गोचिडांनी पसरत ती ह्यांच्या गोठ्यापर्यंत पोचली. जोडीतला शिवा वाचला, राजा गेला. बैलामागे 25,000 ची सरकारी मदत होती ती मिळाली, पण तेव्हापासून पोळ्याला आबा शिवाला मिरवायला नेत नाहीत, गोठ्यातच पूजा करतात.

फोटो दोन प्रकारचे आले. पोळ्याचे, म्हणजे झूल, बाशिंग, रंगवलेली शिंगं, अंगभर गेरूचे ठप्पे, त्यात मूळ चेहरा झाकलेला. आणि दुसरे पंचनाम्यासाठी काढलेले. ते एकदम स्पष्ट, जवळून, दिवसाच्या उजेडात, पण अंगावर गाठीच गाठी आणि कानात पिवळा बिल्ला. मुलगा म्हणाला, हे आबांसमोर बाहेर काढू नका. नाही काढले. पण मला कपाळावरचा भोवरा, शिंगांचं वळण, नाकपुडीचा तो गाजरी रंग (आपल्याकडच्या तापी खिल्लार जातीच्या बैलांचा असतो तसा) हे सगळं त्याच फोटोंतून मिळालं, बघताना फार जड जायचं, तरी बघत बसायचे.

अंगाची ठेवण फोटोत नीट येत नव्हती म्हणून गावी गेले आणि शिवाला समोर बांधून कच्चं स्केच केलं. दोघं एका मापाचे, दोघं पांढरे, मला तर फोटोत फरक सापडत नव्हता. आबांनी कागद हातात घेतला आणि लगेच म्हणाले, "हाऊ ते शिवा शे" (हा तर शिवा आहे). मग स्वतःच सांगायला लागले, राजा उजव्या बाजूचा, वर्षानुवर्षं त्याच बाजूला जुंपलेला, त्याची मान नेहमी जोडीदाराकडे कललेली, डावा कान जरा मागे, आणि खांद्यावर जू बसतं तिथला घट्टा शिवापेक्षा मोठा, कारण ओढायला हाच पुढे. खांदमळणीला, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे चोळतात तेव्हा, त्या घट्ट्याला तूप-हळद लावायचे तर राजा डोळे मिटून घ्यायचा, असं आबांच्या सूनबाई म्हणाल्या. मी सगळं लिहून घेतलं, मला वाटतं खरं पोर्ट्रेट तिथे ओट्यावरच झालं, घरी फक्त रंग लावायचे होते.

रंग लावणंही सोपं नव्हतं म्हणा. अ‍ॅक्रिलिक, कॅनव्हास 18 बाय 24 इंच, आणि जळगावचा मे महिना, पारा 45 च्या आसपास, रंग पॅलेटवरच पापुद्रा धरतो. ओल्या कापडावर बटर पेपर टाकून त्यावर रंग काढायचे आणि पहाटे बसायचं, ऊन चढलं की बंद. पांढरा बैल नुसत्या पांढऱ्याने होत नाही हे मुद्दाम सांगते. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना तपकिरी मिसळून राखाडी करायचा, पोटाखाली जमिनीच्या उजेडाचा पिवळसर हात, खांदा आणि मानेवर थोडा गडद, आणि निव्वळ पांढरा अगदी शेवटी, पाठीच्या कण्यावर आणि नाकाच्या हाडावर जिथे ऊन पडतं तिथेच. केसांची दिशा भोवऱ्यापाशी फिरते, ती चुकली की चेहरा दुसऱ्याच जनावराचा होतो. बाहुली आडवी, लांबट, कुत्र्यासारखी गोल नाही. सगळ्यात जास्त वेळ त्या घट्ट्याला दिला, तिथली कातडी काळपट, केस उडालेले, आणि बिल्ला काढला नाही, आबांना तो नकोच होता.

चित्र मी स्वतः घेऊन गेले. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग घट्ट्यावर बोट ठेवून सूनबाईंना म्हणाले, "देख, हाऊ मना राजा" (बघ, हा माझा राजा). पोळ्याला ह्यालाही हळदकुंकू लावणार म्हणाले, म्हणून मी वार्निश मारून वर काच बसवून दिली, कुंकू काचेवर लावा एवढं सांगून ठेवलंय. आता शिवाचंही काढायचं ठरलंय, तो आहे तोवर. ह्या वेळी थंडीत जाणार, औताला चालताना स्केच करायचंय, आणि आबांनी त्याच्या सवयी सांगायला आत्तापासूनच फोन सुरू केलेत.