जिंजी: राजाराम महाराजांच्या राजधानीत

मुंबईची मराठी मंडळी तिरुपती, रामेश्वर, कन्याकुमारी करून येतात, पण तमिळनाडूतल्या जिंजी किल्ल्याकडे फारसं कुणी वळत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं. दर पावसाळ्यात लोहगड-राजगडाला जाणाऱ्या आमच्या ग्रुपनेही जुलै २०२५ मध्ये बारा किल्ल्यांची नावं जागतिक वारशात आल्यावरच जिंजीचा बेत आखला. त्या बारांपैकी महाराष्ट्राबाहेरचा हा एकटाच.

दादरहून सुटणाऱ्या पुदुच्चेरी एक्स्प्रेसने विळुप्पुरमला उतरायचं आणि पुढे बस किंवा टॅक्सी करायची. चेन्नईकडून येणार असाल, तर तिंडिवनम सोयीचं. बसवाल्याला 'सेंजी' असं विचारा, जिंजीचं तमिळ नाव तेच. गाव छोटं आहे, जेवणाखाण्यापुरतं. मुक्कामाला आम्हाला तिरुवण्णामलै बरं वाटलं. तिथे राहायची सोय भरपूर आहे.

राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी अशा तीन टेकड्या, आणि तिघींना कवेत घेणारा तट. १६७७ मध्ये शिवरायांनी जिंजी आदिलशाहीकडून घेतली आणि तिची तटबंदी पक्की करून घेतली. ती दूरदृष्टी बारा वर्षांनी कामी आली. संभाजी महाराजांच्या हत्येनंतर रायगडालाही वेढा पडला, तेव्हा राजाराम महाराज पन्हाळ्याहून वेषांतर करून निघाले ते थेट इथे पोहोचले. औरंगजेबाचा सरदार झुल्फिकारखान याने १६९० मध्ये वेढा घातला; किल्ला पडला १६९८ मध्ये, आणि तोवर महाराज निसटलेही होते. मधल्या काळात संताजी-धनाजी इतक्या दूरवर येऊन वेढा घालणाऱ्यांनाच कोंडीत पकडत होते. स्वराज्याची गादी या खडकावर टिकली. राजगिरीच्या तटावरून खालचं मैदान पाहताना हे सगळं डोळ्यांपुढे उभं राहतं आणि गळा दाटून येतो.

राजगिरी सकाळीच चढा. ग्रॅनाइटच्या पायऱ्या उन्हात भयंकर तापतात आणि दुपारी तीननंतर वर सोडत नाहीत. पाणी खालूनच न्या. माकडं फार आहेत, खाण्याची पिशवी हातात दिसू देऊ नका. माथ्याजवळ कड्याला खोल भेग आहे, ती पुलावरून ओलांडायची. हा पूल काढून घेतला की बालेकिल्ला तुटलाच. वेढा एवढी वर्षं का लांबला, ते इथे उभं राहिल्यावर कळतं. वर रंगनाथाचं देऊळ आहे.

उतरल्यावर निमुळत्या शिखराचा, अनेक मजली कल्याण महाल, प्रचंड धान्यकोठारं आणि वेंकटरमणाचं देऊळ निवांत पाहा. कृष्णगिरी रस्त्यापलीकडे आहे. चढ कमी, गर्दीही कमी. गुडघे दुखणाऱ्यांनी निदान ती तरी करावी. चंद्रगिरी आम्ही केली नाही, तिथे झाडोरा माजलेला आहे.

डिसेंबर-जानेवारीत जा, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिकडे पाऊस असतो. परतीची गाडी पुदुच्चेरीहून धरलीत, तर समुद्रकिनाऱ्यावर गांधीजींच्या पुतळ्याभोवतीचे कोरीव खांब आवर्जून पाहा. तेही जिंजीहूनच नेलेले आहेत.