काचेच्या नळीसमोर वीस मिनिटं

मे महिन्यातली संध्याकाळ होती, पाच वाजून गेले होते. सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यालगतच्या एका ग्रामीण रुग्णालयात मी ड्युटीवर होते. रिक्षातून एका काकींना उतरवलं. काजूच्या झाडाखाली पातेऱ्यात हात घालून बिया गोळा करताना त्यांना फुरसं, तो लहानसा विषारी साप, चावलं होतं. सूज अंगठ्यापासून मनगटापर्यंत चढलेली, दंडाला रुमाल करकचून बांधलेला. सोबत मुलगा आणि वाडीतली सात-आठ माणसं.

डॉक्टर लेबर रूममध्ये अडलेल्या बाळंतिणीपाशी होते. तिथून धावत येऊन त्यांनी काकींना तपासलं, रुमाल स्वतः हळूहळू सोडवला आणि मला म्हणाले, "ट्यूब लावा. हिरड्यांतून, लघवीतून कुठूनही रक्त दिसलं तर लगेच हाक मारा." मी शिरेतून दोन मिली रक्त काढून कोरड्या, स्वच्छ काचेच्या ट्यूबमध्ये घेतलं आणि ती ट्यूब टेबलावर उभी करून ठेवली. फुरशाच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्तीच जाते. वीस मिनिटं ट्यूबला हात लावायचा नाही, मग एकदाच तिरकी करून बघायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, सुरू. हे औषध घोड्याच्या रक्तापासून बनतं, त्याची रिअ‍ॅक्शन जिवावर बेतू शकते. म्हणून गरज आहे हे दिसल्याशिवाय ते देत नाहीत.

हे सगळं मला माहीत होतं. त्या मुलाला काहीच माहीत नव्हतं. त्याला दिसत होतं ते एवढंच, की आई कण्हतेय आणि सिस्टर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतेय.

"घड्याळ काय बघतंस? इंजेक्शन मार आधी!" तो टेबलावर हात आपटून ओरडला. ट्यूब स्टँडमध्ये हादरली.

माझे कान तापले. 'एवढी घाई असेल तर न्या जिल्ह्याला', हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. दोन वर्षांपूर्वी मी ते खरोखरच बोलले होते, दुसऱ्या एका रुग्णालयात, अशाच एका रात्री. ते लोक पेशंटला उचलून घेऊन गेले. पुढे त्या माणसाचं काय झालं, मला कधीच कळलं नाही. ती रिकामी झालेली खाट अजून डोळ्यांसमोर येते.

त्यानंतर एका प्रशिक्षणात 'भावनिक बुद्धिमत्ता' हा शब्द ऐकला. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली ती कल्पना मांडली, हे तिथेच कळलं. भाषण बरंच लांबलं, पण एक गोष्ट मी घरी घेऊन आले. आधी स्वतःला विचारायचं, आत्ता मला नेमकं काय होतंय?

तेच विचारलं. कान गरम होते, पण बोटं गार पडली होती. म्हणजे हा राग नव्हता, मी घाबरले होते. काकींसाठी, त्या ट्यूबसाठी, आणि दार अडवून उभ्या असलेल्या माणसांना. हे एकदा कळल्यावर त्या मुलाकडे नीट बघता आलं. त्याचा शर्ट काजूच्या चिकाने डागाळलेला होता, पायात चप्पल नव्हती, आणि ओठ थरथरत होते. तोही घाबरलाच होता.

मी आवाज खाली आणला. "दादा, आईला फुरसं चावलंय, तुम्हाला भीती वाटणारच. मलाही वाटतेय. हे बघा, हे तिचं रक्त. ते गोठतं की नाही यावर औषध द्यायचं की नाही ते ठरतं. मी तिचं बीपी बघत राहते. तुम्ही ही नळी सांभाळा, कुणाचा धक्का लागू देऊ नका. पाच पस्तीसला मला सांगा."

तो काही बोलला नाही. टेबलाच्या कडेला दोन्ही हातांचा आडोसा करून उभा राहिला, आणि मागच्यांना त्यानेच सरकवलं.

पाच पस्तीसला मी ट्यूब तिरकी केली. रक्त सरळ वाहत खाली आलं. डॉक्टर आले, दहा व्हायल सलाईनमधून सुरू केल्या. पंधरा मिनिटांत काकींच्या अंगावर गांधी उठल्या, दम लागला. अ‍ॅड्रेनालिन भरून ठेवलेलंच होतं, ते मांडीत दिलं. थोडा वेळ थांबून औषध पुन्हा सावकाश सुरू केलं. या सगळ्यात मुलगा भिंतीला टेकून उभा होता. मी मध्ये एकदा मान वळवून त्याला "श्वास सुधारतोय" एवढंच म्हटलं.

सहा तासांनी परत चाचणी करायची असते. माझी ड्युटी संपली होती, पण मी थांबले. मध्यरात्री नवीन ट्यूब लावली, तर तो न सांगता येऊन तसाच आडोसा करून उभा राहिला. वेळ त्याने स्वतःच मोबाईलमध्ये लावली होती.

मी ट्यूब तिरकी केली. आतलं काही हललं नाही.

"सिस्टर, रगात गोठला?"

"गोठलं."

त्याने टेबलावरचे हात काढले आणि तिथेच खाली फरशीवर बसला. मीही त्याच्या शेजारी बसले.