तुम्ही विचारलंत म्हणून : नेम धरताना नजर कुठे असते?

सिनेमाच्या कॅमेरा विभागात मी बरीच वर्षे फोकस पुलर म्हणून काम केले आणि त्याच काळात 10 मीटर एअर पिस्तुलाच्या स्पर्धाही खेळलो, हे कळले की लोक हमखास विचारतात, या दोन्हींचा एकमेकांना काही उपयोग झाला का? विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा पडद्यावरचा नायक आणि त्याचे पिस्तूल असते, पण उत्तर देताना मला आधी लेन्सबद्दल बोलावे लागते. उपयोग झाला तो डोळ्याला. हाताला झाली ती अडचणच.

फोकस पुलर म्हणजे कॅमेरामनचा सहायक. नट चालत पुढे आला, मागे सरला किंवा नुसता खुर्चीत रेलला, तरी त्याचे डोळे स्पष्ट दिसत राहतील अशा बेताने लेन्सची रिंग फिरवत राहणे हे त्याचे काम. 85 मिलिमीटरची लेन्स असेल, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र, 2 वर उघडे असेल आणि नट दहा फुटांवर असेल, तर स्पष्टतेची पट्टी जेमतेम पाच इंचांची मिळते. नटाने मान पुढे काढली की तो तिच्यातून बाहेर गेलाच. फिल्म ज्या पातळीवर असते ती दाखवणारी, रेघेने छेदलेल्या वर्तुळाची खूण कॅमेऱ्याच्या अंगावर असते. तिथून नटाच्या डोळ्यापर्यंत टेपने अंतर मोजायचे, जमिनीवर चिकटपट्टीचे मार्क लावायचे, रिंगला जोडलेल्या पांढऱ्या चकतीवर पेन्सिलीने खुणा करायच्या, आणि टेक सुरू झाला की कॅमेऱ्याशेजारी उभे राहून केवळ नटाच्या पावलांवरून अंतर ओळखत राहायचे. जमले की नाही, हे लॅबमधून रशेस, म्हणजे धुतलेल्या फिल्मच्या कच्च्या प्रिंट, आल्यावर कळे. आताच्या मुलांसमोर मोठा मॉनिटर असतो. त्यांचे काम सोपे झाले असे मात्र मी म्हणणार नाही, कारण मॉनिटरवर चूक दिसते तेव्हा ती घडून गेलेली असते.

या कामामुळे एक गोष्ट अंगात मुरली होती : एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू स्पष्ट दिसते, आणि कोणती ते आपण ठरवायचे असते. पिस्तुलाच्या नेमबाजीचे मर्म नेमके हेच आहे. नवा नेमबाज टार्गेटकडे बघतो, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण मारायचे तिथे असते. पण बघायचे असते ते नळीच्या टोकावरच्या फोरसाइटकडे. तिची कड धारदार दिसली पाहिजे, ती मागच्या रिअरसाइटच्या खाचेत बरोबर मधोमध आणि वरच्या बाजूने समपातळीत बसली पाहिजे, आणि पलीकडचे काळे वर्तुळ धूसर राहिले तरी चालते. किंबहुना ते धूसरच राहायला हवे.

याचे कारण साध्या भूमितीत आहे. दोन साइटमधले अंतर साधारण 35 सेंटिमीटर धरले आणि फोरसाइट खाचेत एका मिलिमीटरने बाजूला सरकली, तर 10 मीटरवर पेलेट, म्हणजे एअर पिस्तुलाची छोटी गोळी, सुमारे 28 मिलिमीटर बाजूला जाते, म्हणजे दहाऐवजी सात गुण मिळतात. याउलट दोन्ही साइट जुळलेल्या ठेवून अख्खा हातच एक मिलिमीटर सरकला, तर टार्गेटवर फरक पडतो तो तेवढ्याच एका मिलिमीटरचा, आणि दहाचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर व्यासाचे असल्यामुळे तो सहज खपून जातो. हात हलतो म्हणून हताश होणाऱ्या मुलांना मी हेच गणित कागदावर मांडून दाखवतो. एका हाताने तोललेले पिस्तूल हलणारच. ज्याचे हलत नाही असा नेमबाज मी अजून पाहिलेला नाही.

अडचण झाली ती इथेच. फोकस पुलरचा हात प्रतिसाद द्यायला शिकलेला असतो : नट हलला की बोटे हलतात. पिस्तुलात साइट वर्तुळाखाली नेमकी आली म्हणून बोट हलले, की ट्रिगर झटक्याने ओढला गेलाच म्हणून समजा, आणि शॉट बाहेर. ट्रिगरवरचा दाब साइट किंचित हिंडत असतानाही शांतपणे वाढत राहिला पाहिजे, आणि गोळी सुटल्याचे आपल्याला जवळजवळ नंतर कळले पाहिजे. ही सवय मोडायला मला वर्षे लागली. घरी कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ड्राय प्रॅक्टिस करणे, म्हणजे पेलेट न भरता नुसता ट्रिगर सोडणे, हाच त्यावर खरा इलाज ठरला, कारण कोऱ्या भिंतीवर पकडण्यासारखे काही नसतेच.

सेटवर या ज्ञानाला फारशी किंमत नव्हती, हेही सांगायला हवे. एकदा दिग्दर्शकाच्या सांगण्यावरून मी एका नटाला फोरसाइटकडे कसे बघायचे ते शिकवले. त्याने ते चोख केले, आणि क्लोजअपमध्ये तो स्वतःच्याच हातातल्या वस्तूकडे टक लावून बघतो आहे असे दिसू लागले. समोरच्या खलनायकाशी त्याचे काही देणेघेणेच उरले नाही. दिग्दर्शकाने शॉट बदलला, आणि त्याचे बरोबरच होते. पिस्तुलावरून फोकस काढून खलनायकाच्या चेहऱ्यावर नेण्याचे कितीतरी शॉट मी स्वतः केले आहेत, आणि प्रेक्षकाला गोष्ट कळण्यासाठी तसेच करावे लागते. रेंजवर त्याच्या अगदी उलट. आमच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले. त्या प्रकाराच्या दुसऱ्या टप्प्यात हात खालून वर आणून शॉट सोडायला तीन सेकंद मिळतात, आणि तेवढ्यातही नजर फोरसाइटवरच यावी लागते.

चाळिशी उलटल्यावर मात्र लेन्सचा धडा पुन्हा कामी आला. हाताच्या अंतरावरची फोरसाइट पुसट दिसू लागली, तेव्हा शूटिंगच्या चष्म्यावर आयरिस बसवला. हे लहानमोठे करता येणारे छिद्र असते. लेन्सचे अ‍ॅपर्चर बंद केल्यावर स्पष्टतेची पट्टी जशी रुंदावते, तसेच इथेही घडते. रेंजवरचे काही ज्येष्ठ खेळाडू तो अगदी बारीक करून ठेवतात. मी तसे करत नाही. छिद्र फार लहान केले की प्रकाश घटतो, आणि त्याहून वाईट म्हणजे टार्गेटही स्वच्छ दिसू लागते, मग नजर तिकडेच पळते. म्हणून फोरसाइटची कड दिसेल इतकाच मी तो बंद करतो.