आमची वाटचाल : हुकूम सुटण्यापासून हुकूम पोचण्यापर्यंत

लहान कारखाने आणि सेवा-व्यवसायांतल्या सुपरवायझर, फोरमन, शाखाप्रमुख अशा मधल्या फळीला नेतृत्वाचं प्रशिक्षण देणं हे आमच्या फर्मचं काम. त्यासाठीचा मालमसाला आम्ही लष्करी इतिहासातून घेतो. सुरुवातीच्या अभ्यासक्रमात लढाया फार आणि सराव कमी होता. शौर्यावरच्या व्याख्यानानं ऐकणारे भारावून जात, पण दुसऱ्या दिवशी शिफ्टवर नेमकं काय वेगळं करायचं, ते हाती लागत नसे. म्हणून सगळा अभ्यासक्रम एका प्रश्नाभोवती नव्यानं बांधला : वरून सुटलेला हुकूम खालच्या माणसाला, तो उभा आहे तिथून, कळतो का?

पहिला सराव बालाक्लाव्हाचा. २५ ऑक्टोबर १८५४, क्रिमियाचं युद्ध. ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लन उंचावर होते. काबीज केलेल्या तोफा रशियन ओढून नेत आहेत असं तिथून दिसल्यावर त्यांनी चिठ्ठी पाठवली : घोडदळानं वेगानं पुढे जावं, शत्रूला तोफा नेऊ देऊ नयेत. कोणत्या तोफा, ते चिठ्ठीत नव्हतं. खाली दरीत असलेले घोडदळाचे प्रमुख लॉर्ड लुकन यांना त्या तोफा दिसतच नव्हत्या. परिणामी सुमारे ६७० स्वार दरीच्या टोकाच्या भलत्याच तोफखान्यावर चालून गेले आणि शंभराहून अधिक मारले गेले. धैर्यात कुणी कमी पडलं नाही. हुकूम अपुरा होता. सरावात आम्ही दरीच्या नकाशाचा लुकन यांना दिसणारा भागच उघडा ठेवतो आणि चिठ्ठी वाचायला देतो. मग प्रत्येकानं आपल्या कामावर दिलेला शेवटचा लेखी निरोप काढायचा आणि तो निरोप मिळालेल्या माणसाच्या जागेवरून वाचायचा. ‘ते मटेरियल लवकर पाठवा’ यातलं ‘ते’ आणि ‘लवकर’ तिथेच उघडे पडतात.

याच्या अगदी उलट टोकाचं पत्र शिवाजी महाराजांचं आहे. चिपळूण भागातल्या छावणीच्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना ते लिहिलेलं आहे. पावसाळ्यासाठी साठवलेलं धान्य-वैरण जपून वापरा, एवढं सांगून पत्र थांबत नाही. आताच उधळलंत तर पुढे मिळणार नाही, घोडी मरतील, आणि मग तुम्ही रयतेला उपद्रव द्याल, असा परिणाम टप्प्याटप्प्यानं मांडलेला आहे. रात्री दिवा जळता ठेवला तर उंदीर पेटती वात पळवेल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इतक्या बारीक तपशिलापर्यंत ते जातं. कारण कळलेला माणूस हुकमात न लिहिलेला धोकाही ओळखतो, म्हणून आमच्या हुकूमपत्रात ‘कशासाठी’ हा रकाना सक्तीचा आहे.

हे हुकूमपत्र लष्करी पाच परिच्छेदांच्या आदेशावरून घेतलं आहे : परिस्थिती, उद्दिष्ट, अंमलबजावणी, रसद, आणि अधिकार व संपर्क. एक पान, त्याहून जास्त नाही. उद्दिष्ट दोन वाक्यांत, त्यातलं दुसरं ‘कशासाठी’चं. लोक सर्वांत जास्त चुकतात ते अंमलबजावणीत. प्रत्येक हालचाल लिहून ठेवतात आणि पहिली अडचण येताच कागद निकामी होतो. फ्रेंच-स्पॅनिश आरमाराविरुद्धच्या ट्रॅफल्गरच्या सागरी लढाईपूर्वी, ९ ऑक्टोबर १८०५ ला, ब्रिटिश नौसेनापती नेल्सननं कप्तानांसाठी काढलेल्या टिपणात आपली ४० जहाजं आणि शत्रूची ४६ गृहीत धरली होती. प्रत्यक्षात २१ तारखेला २७ विरुद्ध ३३ अशी गाठ पडली. तरी बेत टिकला, कारण त्याचा गाभा सोपा होता : शत्रूची रांग फोडायची आणि जवळून भिडायचं. लढाई ऐन रंगात असताना नेल्सनला गोळी लागली, तरी कप्तान अडले नाहीत, ब्रिटिशांचं एकही जहाज गेलं नाही.

वेळेचा नियमही लष्करीच. हातात असलेल्या वेळेचा एक तृतीयांश आपण घ्यायचा, दोन तृतीयांश खालच्यांना द्यायचा. काम सुरू व्हायला सहा तास असतील तर दोन तासांत हुकूम निघायला हवा, अर्धवट असला तरी. व्यवस्थापक पाच तास बेत घोटतात आणि उरलेल्या एका तासात सगळी धावपळ फोरमनच्या गळ्यात पडते.

हुकूम दिल्यावर ‘समजलं का?’ विचारायचं नाही. उत्तर नेहमी ‘हो’ असतं. त्याऐवजी हुकूम घेणाऱ्यानं आपला बेत सांगायचा : आधी काय, मग काय, अडलं तर काय. आपलेच शब्द तसेच परत ऐकू आले, तर ते पाठांतर समजावं आणि ‘यातलं एक यंत्र बंद पडलं तर?’ असा प्रश्न टाकावा.

काम संपल्यावर आढावा, शक्यतो त्याच दिवशी. ही पद्धत अमेरिकन सैन्यानं १९७० च्या दशकात रुजवली. प्रश्न चार : काय ठरलं होतं, काय घडलं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय बदलायचं. सर्वांत ज्येष्ठ माणूस शेवटी बोलतो. तो आधी बोलला की बाकीचे त्याच्याच मताला होकार भरतात. ‘कुणामुळे’ हा प्रश्न आला की तिसऱ्या प्रश्नाची खरी उत्तरं बंद होतात, म्हणून आढाव्याचा कागद पगारवाढीच्या फायलीत कधीच जाऊ देत नाही. ठरलेल्या प्रत्येक बदलापुढे एक नाव आणि एक तारीख लिहितो, आणि पुढचं हुकूमपत्र लिहिताना तो कागद शेजारी ठेवतो.