लकडगंजचा साग आणि ॲमस्टरडॅमचे पाणी

ॲमस्टरडॅमच्या कालव्यातल्या आमच्या हाउसबोटीची केबिन बाहेरून नव्याने मढवायचे ठरले, तेव्हा पहिला प्रश्न फळ्या कोणत्या आणायच्या हा नव्हता. जुने पत्रे भिंतीवरून उतरवायचे कसे, हा होता. बोट १९७० च्या दशकातली आहे. खाली काँक्रीटची पोकळ पेटी तरंगते, त्यावर लाकडी सांगाडा उभा आहे आणि तीन बाजूंना रंगाचे थरावर थर चढलेले प्लायवूड आहे. चौथ्या, बॉयलरच्या बाजूला मात्र सिमेंटचे राखाडी सपाट पत्रे आहेत. नागपुरात ज्यांनी गच्चीवरची खोली, सायकलींचे शेड किंवा गोठा पाहिला आहे, त्यांना सिमेंटचे पत्रे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. सुताराने त्या भिंतीकडे पाहिले, हातातले ड्रिल खाली ठेवले आणि तपासणीचा अहवाल येईपर्यंत आपण तिला हात लावणार नाही, असे शांतपणे सांगितले.

नेदरलँड्समध्ये ॲस्बेस्टॉसचा, म्हणजे अशा सिमेंटच्या पत्र्यांत मिसळल्या जाणाऱ्या घातक खनिज तंतूंचा, वापर १९९३ पासून बंद आहे, आणि त्याआधीच्या बांधकामात ते असणारच असे गृहीत धरून पुढचे सगळे नियम चालतात. हाउसबोट ही बोट की इमारत, हा वाद इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०१४ मध्ये निकालात काढला आणि १ जानेवारी २०१८ पासून कायद्यानेही तरंगत्या घरांना बांधकाम मानले, त्यामुळे जमिनीवरच्या घराची कागदपत्रे आम्हालाही लागू झाली. स्क्रूने बसवलेले, न तुटलेले पत्रे ३५ चौरस मीटरपर्यंत असतील तर घरमालकाला ते स्वतः काढता येतात, पण आधी नगरपालिकेला कळवावे लागते. पत्रा आधी ओला करून घ्यायचा, तो कापायचा किंवा फोडायचा मात्र नाही, एकेक स्क्रू सोडवून तो अखंड उतरवायचा, जाड प्लास्टिकच्या दोन थरांत गुंडाळायचा आणि ठरवून दिलेल्या केंद्रावर नेऊन द्यायचा. एवढ्याशा भिंतीसाठी अर्ज, नकाशा, छायाचित्रे आणि उत्तराची प्रतीक्षा, यात वसंत ऋतूतले कोरडे दिवस हातचे गेले, आणि त्याचा मला खरोखर संताप आला.

मात्र त्याच काळात मला नागपूरच्या आमच्या घरामागे शेड घालायला आलेला माणूस वारंवार आठवत राहिला. त्याने पत्रा दोन विटांवर टेकवून करवतीने कापला होता, आणि ती पांढुरकी धूळ त्याच्या पापण्यांवर व दंडावरच्या केसांवर पिठासारखी बसली होती. आम्ही मुले तिथेच खेळत होतो. या तंतूंमुळे होणारा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग तीस-चाळीस वर्षांनीही उद्भवू शकतो, हे आता वाचताना त्या माणसाचे आज वय काय असेल याचा मी हिशेब करते. भारतात ॲस्बेस्टॉसची आयात आणि त्याच्या पत्र्यांची विक्री अजून चालू आहे. स्वस्त छप्पर ही गरिबाची गरज आहे, हा युक्तिवाद मला पूर्ण कळतो. पण ते कापणाऱ्याला नाकावर साधा मुखपट्टा आणि बादलीभर पाणी देण्यास कोणती गरिबी आड येते, हे कळत नाही.

तरीही इथल्या लोकांनी या बाबतीत आपल्याकडे वरून पाहावे, हे मला मान्य नाही. याच देशात गोर नावाच्या गावातल्या कारखान्याने ॲस्बेस्टॉसचा टाकाऊ माल अनेक वर्षे आसपासच्या लोकांना रस्ते आणि अंगणे भरायला दिला, आणि ती जमीन निस्तरण्याचे काम पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला आले. ॲस्बेस्टॉसची छपरे २०२४ पर्यंत काढून टाकण्याची सक्ती करणारे विधेयक २०१९ मध्ये इथल्याच संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने फेटाळले. छप्पर बदलण्याचा खर्च लोकांना पेलणार नाही, हा आक्षेप इथेही होता. शिस्त यांच्या रक्तात आहे असे जे आपल्याकडे म्हटले जाते, ते मला म्हणूनच पटत नाही. किंमत मोजून शिकलेले हे शहाणपण आहे, आणि ते आपल्यालाही किंमत न मोजता घेता येईल.

पत्रे उतरले आणि खरा विषय समोर आला. नागपूरच्या लकडगंजात माझ्या काकांचे लाकडाचे दुकान आहे. व्हिडिओ कॉलवर त्यांना भिजून फुगलेले, थर सुटलेले प्लायवूड दाखवले, तेव्हा त्यांनी एका वाक्यात निकाल दिला, “पोरी, साग लाव. सागाले पाणी का करते?” या प्रश्नामागचा अभिमान माझाही आहे. अलापल्लीच्या जंगलातला आणि बल्लारशाच्या डेपोतून येणारा साग आम्ही लहानपणापासून नावाने ओळखतो. दिल्लीच्या नव्या संसद भवनात नागपूरहून गेलेला साग आहे, अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहून साग गेला, हे इथल्या शेजाऱ्यांना मी आवर्जून सांगितले आहे. इथल्या जुन्या बोटबांधणीतही साग म्हणजे शेवटचा शब्द. फक्त तो ब्रह्मदेशातला. युरोपात बेकायदा तोडीच्या लाकडावर २०१३ पासून बंदी आहे आणि २०२१ मध्ये म्यानमारच्या सरकारी लाकूड महामंडळावर निर्बंध आले, त्यामुळे त्या सागाच्या पावतीकडे आता कोणीही दोनदा पाहतो. लागवडीचा, कोवळ्या वयात कापलेला साग मिळतो. पण त्यात गाभ्याचे पक्के लाकूड कमी भरते, आणि तो अलापल्लीच्या जुन्या झाडाच्या जागी लावून मी काकांना फसवू शकले नसते.

काकांशी माझा खरा मतभेद मात्र पाण्याबद्दल आहे. नागपुरात वर्षाला सरासरी १,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि ॲमस्टरडॅममध्ये साधारण ८५०, हे ऐकून घरी कोणाचा विश्वास बसत नाही. फरक पावसाच्या मापात नसून वाळण्यात आहे. आपला पाऊस बहुतेक चार महिन्यांत संपतो, मग ऑक्टोबरचे ऊन येते आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा नागपूरच्या महाल भागातल्या वाड्याच्या खांबात पावसाळ्यातला थेंबसुद्धा शिल्लक राहत नाही. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला लाकडात साधारण २० टक्क्यांहून अधिक ओलावा सतत लागतो. तो इथे, विशेषतः उत्तरेच्या भिंतीला, कालव्याच्या हातभर उंचीवर, बाराही महिने मिळतो. वाड्याचे खांब टिकले याचे निम्मे श्रेय मी सागाला देते आणि निम्मे विदर्भाच्या उन्हाळ्याला.

म्हणून इथे फळीच्या जातीइतकेच महत्त्व फळीमागच्या पोकळीला आहे, आणि सुताराने यावर जितका वेळ घालवला तितका निवडीवरही घालवला नाही. सांगाड्यावर प्रथम वाफ बाहेर सोडणारा पण पाणी आत न घेणारा पडदा, त्यावर रिपा, आणि रिपांवर फळ्या. मध्ये दोन-तीन सेंटिमीटर मोकळी जागा, जी खाली आणि वर उघडी राहिलीच पाहिजे, फक्त किडे शिरू नयेत म्हणून जाळी. जुन्या भिंतीत प्लायवूड थेट सांगाड्याला ठोकले होते, आणि आतल्या स्वयंपाकाची, अंघोळीची वाफ त्याच्या पाठीवर पाणी होऊन बसत होती. फळ्या उभ्या लावल्या तर पाणी लवकर निथळते, पण मग आडव्या रिपांवर ते थांबू नये म्हणून रिपांची वरची कड तिरपी तासावी लागते. फळीच्या कापलेल्या तोंडातून पाणी सर्वांत जास्त शिरते, म्हणून प्रत्येक तोंड स्वतंत्रपणे बंद करायचे.

वजनाचा हिशेबही करावा लागला, आणि तो करताना मला शाळेतला आर्किमिडीज मनापासून आवडला. आमची काँक्रीटची पेटी १६ मीटर लांब आणि साडेचार मीटर रुंद आहे, म्हणजे गोड्या पाण्यात ७२० किलो चढवले की बोट एक सेंटिमीटर खाली बसते. मढवायची भिंत ७५ चौरस मीटर. कॅनडाचा लाल सीडर लावला तर सुमारे ५०० किलो, साग लावला तर जवळपास एक टन, आणि आठ मिलिमीटरचे, आता ॲस्बेस्टॉस नसलेले, फायबर सिमेंट लावले तर त्या दोघांच्या मध्ये. एकूण बुडणे साधारण पाऊण ते दीड सेंटिमीटरचे आहे, त्याने बोट धोक्यात येत नाही. खरी अडचण कलण्याची आहे: एका लांब भिंतीवर तीन-चारशे किलो चढले आणि समोरची भिंत रिकामी राहिली, तर दोन कडांमध्ये काही सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि घरातले दरवाजे आपोआप उघडू लागतात.

इतर पर्याय भराभर बाद झाले. प्लास्टिकच्या फळ्या हलक्या आहेत आणि त्यांना रंग द्यावा लागत नाही, पण उन्हात त्या फार फुगतात आणि त्यांचे तुकडे शेवटी कालव्यातच जाणार, हे मला नको होते. फायबर सिमेंट ठिसूळ. जाणाऱ्या नावेची एक ठोकर पुरे. ॲल्युमिनियमवर पावसाचा आवाज होतो, आणि इथे पाऊस रात्रीही पडतो.

शेवटी आम्ही इथल्याच आर्न्हेम शहरात प्रक्रिया केलेले पाइन निवडले. ॲकोया या नावाने ते विकले जाते. पाइनच्या तंतूंमध्ये पाण्याला धरून ठेवणाऱ्या जागा असतात. ॲसेटिक अनहायड्राइडची प्रक्रिया करून त्या जागा अडवल्या की लाकूड पाणी फारसे धरतच नाही, त्यामुळे फुगणे, आकसणे आणि कुजणे तिन्ही कमी होतात. नमुन्याची फळी सुताराने कापली तेव्हा सिरक्याचा स्पष्ट वास आला. ही आम्लता साध्या खिळ्यांना खाते, म्हणून सगळे स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. वजन फायबर सिमेंटच्या जवळपास जाते आणि मूळ लाकूड न्यूझीलंडहून येते, हे दोन्ही आक्षेप खरे आहेत. पण ते लागवडीचे, लवकर वाढणारे झाड आहे, आणि शंभर वर्षांचा साग माझ्या भिंतीसाठी पडावा असे मला वाटत नाही.

“पाइनची तं खोकी बनते,” असे काका म्हणाले, आणि काही दिवस त्यांनी हा विषय काढला नाही. मग त्यांनी नमुन्याचा एक तुकडा मागवून घेतला. तो आता त्यांच्या दुकानामागच्या हौदात सागाच्या तुकड्याशेजारी बुडवून ठेवलेला आहे आणि काका अधूनमधून दोन्हींची जाडी व्हर्नियरने मोजतात. आकडे मला अजून सांगितलेले नाहीत.

रंग लावायचा नाही, असे आम्ही ठरवले आहे. दोन-तीन पावसाळी हंगामांत फळ्या राखाडी होतील, उत्तरेला थोडे काळे डागही पडतील, आणि शेजारच्या काळ्या रंगवलेल्या बोटीपुढे ते काहींना दरिद्री दिसेल. काम दोन्ही लांब भिंतींवर एकदमच चालेल: सकाळी कालव्याकडच्या बाजूला जितक्या फळ्या बसतील, तितक्याच दुपारी धक्क्याकडच्या बाजूला, आणि रोज संध्याकाळी चारही कोपऱ्यांवर पाण्यापासूनची उंची मोजून वहीत लिहायची.