फुटलेली कॅप आणि शाबूत कॅप

"मॅडम, ही तुमची भारीतली कॅप," असं म्हणत काकांनी शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली आणि माझ्या तळहातावर उपडी केली. तांदळाच्या कणीएवढा पांढरा तुकडा. उजेडात धरला, तर आतल्या बाजूला शिंपल्यावर असतात तशा गोलसर रेषा.

काका एसटीतून निवृत्त झालेले, कऱ्हाडच्या माझ्या दवाखान्यातले अगदी जुने पेशंट. खालच्या डाव्या दाढेवर 2007 मध्ये मी मेटल-सिरॅमिकची, म्हणजे आत धातू आणि वर पोर्सलेन असलेली, कॅप बसवली होती. 2014 मध्ये उजव्या दाढेची वेळ आली, तेव्हा झिरकोनियाची, म्हणजे धातूऐवजी कडक पांढऱ्या सिरॅमिकची, सुचवली. पैसे जवळपास दुप्पट. "आता आयुष्यभर बघायला नको," असं मी म्हणाले होते, आणि ते त्यांच्या बरोबर लक्षात होतं. आता स्वस्तातली शाबूत, महागातली फुटलेली. काका चिडले नव्हते. चिडले असते तर बरं वाटलं असतं.

दाढेच्या गालाकडच्या टोकावरचं पोर्सलेन उडालं होतं. खालचा झिरकोनिया धड होता. त्या काळी झिरकोनियाचा नुसता सांगाडा करून त्यावर दाताच्या रंगाचं पोर्सलेन चढवायचे. मेगापास्कल या ताकदीच्या मापात सांगाडा सुमारे 1000, वरचा थर जेमतेम 100. त्यात झिरकोनियातून उष्णता हळू बाहेर पडते. भट्टीतून काढलेली कॅप घाईनं गार केली की वरच्या थरात ताण अडकून राहतो. लॅबमध्ये तसं झालं का, कोण जाणे. पण माझ्याच हातच्या केसपेपरवर ओळ होती : 'चावा उंच, घासून कमी केला.' म्हणजे कॅप समोरच्या दाताला आधी लागत होती. पॉलिश केल्याची नोंद नव्हती. घासलेल्या पोर्सलेनवर बारीक ओरखडे राहतात, आणि लाळेतला ओलावा अन् रोजचं चावणं त्यांतूनच भेग पुढे नेतं. हे मी काकांना सरळ सांगितलं. सुपारीचा विषय मग त्यांनी स्वतःच काढला.

कडा घट्ट होत्या, एक्स-रेत कीड नव्हती. फुटलेली धार गोल केली, रबरी पॉलिशरनं दहा मिनिटं चकाकी येईपर्यंत घासली. काकांनी जीभ फिरवून बघितली. नवी कॅप लागणार नव्हती.

डावीकडचा एक्स-रे काढायला तसं कारण नव्हतं. पण कॅप बसवल्या दिवशीच्या फोटोपेक्षा मला दहा-पंधरा वर्षांनंतरचा एक्स-रे बघायचा असतो, म्हणून काढला. मागच्या कडेखाली काळी सावली. प्रोब, म्हणजे दात तपासायची टोकदार सळई, कडेवरून फिरवला, तर टोक ओल्या लाकडात रुतावं तसं रुतलं.

रूट कॅनाल झालेली दाढ. आत नसच नाही, मग दुखणार कुठून? कीड वर्षानुवर्षं गुपचूप आत सरकत गेली होती.

काकांना सगळं समजावून एअरोटर, म्हणजे दात कापायचं ड्रिल, हातात घेतला. आधी पोर्सलेन, मग मेटल कापलं. कॅप निघाली आणि कुबट वास आला. पोर्सलेनवर, मी कापलं तेवढं सोडून, एक तडा नव्हता. खालचा दात मात्र तपकिरी, मऊ, चमच्यानं निघेल असा. कीड काढून उरलेला दात मोजला. नवी कॅप धरून राहायला सगळीकडून निदान दीड-दोन मिलिमीटर उंचीचा निरोगी दात लागतो. गालाकडे अडीच होता. जिभेकडे एकच.

"म्हणजे चांगली होती तीच खराब?"

"कॅप चांगलीच आहे काका. दात खालून गेलाय."

जिभेकडची हिरडी आणि हाड थोडं कमी करून दाढ वाचते का ते बघायचं ठरलं. नाहीतर काढावी लागेल, हेही सांगितलं. नवी बसलीच तर वरचा थर नसलेली, अखंड झिरकोनियाची. ती किती वर्षं टिकेल, असं त्यांनी विचारलं. या वेळी मी आकडा दिला नाही. दातांच्या फटीत जाणारा बारीक ब्रश त्यांच्या हातात दिला, आरसा धरला आणि उजव्या दाढेमागे तो घालायला लावला. दोनदा वाकला. तिसऱ्यांदा आरपार गेला.